राजांसाठी दोन पर्याय

आमच्या नाटक कंपनीत माझ्या नवऱ्याला सगळे राजे म्हणतात, आणि घरी मीही राजेच म्हणते. सुरुवातीला चिडवायला म्हणायचे. स्टेजवर सैन्याला हुकूम सोडणारा हा गडी घरी आला की स्वतःचे मोजे कुठे आहेत हे मला विचारायचा. पुढे ते नावच तोंडात बसलं. राजे, दूध उतू जातंय. राजे, कचऱ्याची पिशवी खाली ठेवून या. मी या कंपनीत आधी दासी झाले, मग राजकन्या, मग राणी. आणखी थोडा तग धरला तर राजमाताही होईन. राजे मात्र मिसरूड फुटल्यापासून राजेच. दुसरं काही जमत नाही त्यांना, असं त्यांच्या पाठीमागे लोक बोलतात. मी तोंडावर बोलते, पण मी बोललेलं चालतं.

सध्याच्या नाटकात राजाच्या नगराला शत्रूने वेढा घातलाय. राजाने स्वतः ओलीस म्हणून वेशीबाहेर यावं, मग नगराला हात लावणार नाही, अशी शत्रूची अट आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी राणी त्याची वाट अडवते. "थांबा. माझ्यासाठी थांबा," म्हणते. राजा म्हणतो, "मी जातो." बाहीवरचा तिचा हात सोडवतो आणि निघून जातो. एवढंच आहे ते. एवढ्यासाठी लोक तिकीट काढून येतात.

याच प्रवेशात राजे भर प्रयोगात अडकले. माझ्याकडे बघून हसले, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसं. आधी मला वाटलं मुद्दाम थांबलेत. मग त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे काहीच नव्हतं. पुढचं वाक्य नव्हतं, मागचं नव्हतं, मी कोण हेही बहुतेक नव्हतं. मी त्यांचं वाक्य माझ्याच तोंडी घेतलं, त्यांना दंडाला धरून विंगेकडे वळवलं आणि अंक कसाबसा ओढून नेला.

मालक मेकअप रूममध्ये आले. मालक म्हणजे कंपनीही त्यांची आणि दिग्दर्शनही त्यांचंच, त्यामुळे तक्रार करायला वर कुणी नाही.

"बाई, हे आता वारंवार व्हायला लागलंय," ते म्हणाले.

"घसा बसलाय त्यांचा."

"घसा बसला की आवाज जातो. वाक्यं जात नाहीत." त्यांनी दार लोटून घेतलं. "दौरा ठरायचाय. रविवारचा प्रयोग नीट गेला तर दौऱ्यावर राजेच राजा. नाही गेला तर मी सेनापतीला राजाच्या अंगरख्याचं माप द्यायला सांगणार. मला वाईट वाटतं, पण सांगणार."

सेनापती म्हणजे नाटकात शत्रूचा सेनापती करणारा. धिप्पाड, पाठांतर चोख, आणि राजाच्या भूमिकेवर त्याचा कधीपासूनचा डोळा. माणूस वाईट नाही, पण त्या घडीला मला तो डोळ्यांसमोर नको होता.

मालकांना मी खरं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला होता आणि काय काय पुसत जाईल ते समजावलं होतं. त्या आजाराचं नाव मी घेत नाही, मला त्या नावाची चीड आहे. त्यानंतर दवाखान्याबाहेरच्या बाकावर राजे माझ्याशेजारी बसले. त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी लख्ख होतं.

"एक कर माझ्यासाठी," ते म्हणाले. "मला पहिल्या रांगेत बसवू नकोस."

मला लगेच कळलं. आमच्या कंपनीत एक जुने नट होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांना विसर पडायला लागला तशी मालकांनी मानाने पहिल्या रांगेतली खुर्ची दिली. आबा तिथे बसून आपले जुने संवाद पुटपुटायचे आणि मागचे लोक "शू" करून त्यांना गप्प करायचे. सगळे येताजाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवत आणि पुढे जात. राजेही तेच करायचे. आबा फार टिकले नाहीत.

म्हणून मी वचन दिलं. राजे स्टेजवर आहेत तोवर राजे आहेत, ते खाली उतरले की मला माझा माणूस परत मिळणार नाही, अशी माझी खात्रीच झाली होती.

मग उपाय सुरू झाले. कानात बसणारं बारीक यंत्र आणलं आणि तालमीत मी विंगेतून वाक्यं सांगितली. राजे मध्येच थांबून छताकडे बघत म्हणाले, "कोण बोलतंय?" मालकांना वाटलं, राजाला भास होतात असं दाखवतायत, आणि त्यांनी मानही डोलावली. ते यंत्र मी त्याच दिवशी परत केलं. मग सिंहासनाच्या हातावर, खांबामागे, सुरईच्या तोंडाशी चिठ्ठ्या चिकटवल्या. राजांनी प्रत्येक चिठ्ठी काढून, नीट घडी घालून खिशात ठेवली. घरी आल्यावर सगळ्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझ्या वस्तू इकडेतिकडे पडल्या होत्या." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

लेक वेगळी राहते. ती गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. गेम बाजारात येण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. दिवसभर ती गेममधल्या भिंतींना धडका देते, उघडू नयेत ती दारं उघडते, भल्या माणसावर उगाच तलवार चालवून बघते. राजे पूर्वी तिला विचारायचे, "आज किती भिंतींवर डोकं आपटलंस?" ती म्हणायची, "तुमच्या सेटच्या भिंतींपेक्षा बऱ्या आहेत, शिंकलं तर हलत नाहीत." बापलेकीची माया ही अशी.

दुपारी बाबांचं मन रमेल म्हणून तिने तिच्याकडचा जुना गेम आणून टीव्हीला जोडून दिला. सोंग घ्यायचा खेळ होता तो. आपण एका सरदाराचं रूप घ्यायचं, दाढी, अंगरखा, तलवार निवडायची आणि मुलूखभर हिंडायचं. वाटेत माणसं भेटतात, काही विचारतात. पडद्याच्या खाली दोन-तीन उत्तरं उमटतात, त्यातलं एक निवडायचं. मी भांडी विसळत होते. बाहेरून राजांचा आवाज आला आणि माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

तो स्टेजवरचा आवाज होता. छातीतून आलेला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मी दारात येऊन बघितलं. राजे सोफ्यावर ताठ बसले होते. पडद्यावर पुलाशी बसलेली म्हातारी म्हणत होती, सरदार, माझा मुलगा डोंगरापलीकडे गेला तो आला नाही. राजे खाली आलेलं उत्तर वाचत होते. "आजी, मी त्याला शोधून आणतो." कुठे अडखळणं नाही, कुठे शोधाशोध नाही. वाचून झाल्यावर त्यांनी बटण दाबलं.

थोड्या वेळाने ते पुन्हा त्याच पुलावर आले. म्हातारीने शब्दाला शब्द तेच सांगितलं. राजांनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं आणि तितक्याच मायेने वचन दिलं.

"बाबा, हिने हे मघाशीच सांगितलं," लेक म्हणाली.

"तिचा प्रयोग आहे," राजे म्हणाले. "दर प्रयोगाला नव्यानेच म्हणायला हवं तिने. चांगलं करते."

लेक माझ्याकडे बघून हसली, पण तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "अगं, हे तर आमचंच आहे सगळं. सोंग, मिशा, खोट्या तलवारी."

"आणि मेलेला माणूस पुन्हा उठून उभा," ती म्हणाली. "फरक इतकाच की तुमच्याकडे प्रेक्षक खाली बसून बघतो. आमच्याकडे तोच स्टेजवर चढलेला असतो. त्याला पुढचं काही माहीत नसतं."

"मग बोलतो कसा?"

"समोरचा विचारतो. उत्तरं समोरच असतात. त्यातलं एक उचलायचं."

मी त्याच पावली आत गेले आणि नाटकाची संहिता काढली.

माझं डोकं एकदा चाललं की थांबत नाही. राजांना आठवायला लावायचंच कशाला? त्यांचं उत्तर माझ्या प्रश्नातच घालायचं. राजाचं वाक्य होतं, कोठारातला दाणा संपला. मग राणीने विचारायचं, "कोठारात दाणा उरलाय, की संपला?" राजाने सांगायचं, सूर्य मावळायच्या आत दरवाजा उघडा. मग राणीने विचारायचं, "दरवाजा बंद ठेवायचा, की सूर्य मावळायच्या आत उघडायचा?" घरी बसून करून बघितलं. जमत होतं. राजे बहुतेक वेळा शेवटी ऐकलेलं उचलतात हेही लक्षात आलं, म्हणून हवं ते उत्तर मी शेवटी ठेवायला लागले. त्यांचे बोलायचे सगळे प्रवेश माझ्याबरोबरच होते, तेवढं एक नशीब.

लेकीला दाखवलं तर ती खूश झाली नाही.

"काय झालं?"

"आई, पर्याय दिलास तर ते निवडतील."

"निवडायलाच तर देतेय."

"तसं नाही. आमच्या गेममध्ये कुठलंही उत्तर निवडलं तरी पुढे काहीतरी केलेलं असतं. हे निवडलं तर ही वाट, ते निवडलं तर ती. तुमच्या नाटकात एकच वाट आहे. त्यांनी दुसरं उत्तर दिलं तर काय करशील?"

"शेवटचं उचलतात ते. मी बघितलंय."

"बरं," ती म्हणाली. लहानपणी मी थापा मारतेय हे कळलं की ती असंच बरं म्हणायची.

मालकांना मी सांगितलं की राणीची वाक्यं प्रश्नार्थी केली तर ती जास्त अगतिक वाटते. "आता या वयात लेखनही सुरू केलंत का?" त्यांनी विचारलं. पण रंगीत तालमीत राजे एकदाही अडखळले नाहीत आणि मालकांची कुरकुर थांबली. सेनापतीसुद्धा येऊन म्हणाला, "राजे, आज आवाज काय लागलाय." मी त्याच्याकडे बघून गोड हसले. त्या आठवड्यात मी किती जणांकडे बघून गोड हसले असेन.

रविवारी दुपारचा प्रयोग. थिएटर भरलेलं. मालक स्वतः विंगेत हाताची घडी घालून उभे. पहिला अंक निघाला तो असा, की मला वाटलं आता जग जिंकलं. मी विचारायची, राजे उत्तर द्यायचे. मध्ये एकदा तर ते माझ्या प्रश्नावर इतका सुरेख विचार करून बोलले की टाळी पडली. त्यांना खरोखरच विचार करावा लागत होता, सोंग नव्हतंच ते. हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. पलीकडच्या विंगेत सेनापती बेड्या घेऊन एंट्रीसाठी तयार होता. मी राजांची वाट अडवली, बाहीवर हात ठेवला आणि विचारलं, "माझ्यासाठी थांबणार, की नगरासाठी जाणार?"

जाणार हा शब्द शेवटी होता. जरा जोरही दिला होता मी त्यावर.

राजांनी माझ्याकडे बघितलं. घरात बघतात तसं. मग हळूच म्हणाले, "अगं, थांबतो ना. तुझ्यासाठी थांबतो. मी कुठे जाऊ?"

नाटकातला राजा राणीला अगं म्हणत नाही. ते मला बोलत होते.

त्या आजारात मी अशा एका वाक्याची किती वाट बघितली होती. आठवून नाही, पाठ करून नाही, मनापासून बोललेलं. आणि ते आलं कुठे, तर या भरल्या थिएटरात, विंगेत मालक उभे असताना. प्रेक्षकांत कुणी हलत नव्हतं. मालकांच्या हाताची घडी सुटली होती. मी पुन्हा विचारलं, नीट, सावकाश. "राजे, वेशीवर शत्रू उभा आहे. नगरासाठी जाणार ना?"

"नाही," राजे म्हणाले, आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

माझ्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. राजा गेला नाही तर तिसरा अंक नाही. तिसरा अंक नाही तर दौरा नाही, अंगरखा नाही, आणि पहिल्या रांगेतली ती खुर्ची आहे. मी हात सोडवून घेतला.

"जा," मी म्हणाले. "मला तुम्ही इथे नको आहात."

"मी काय केलं?"

"काही नाही केलं. जा तुम्ही."

ते हलले नाहीत. मी दोन्ही हातांनी त्यांच्या खांद्याला धरून ढकललं. ते मागे सरकत गेले, विंगेच्या तोंडाशी थांबले आणि विचारलं, "खरंच जाऊ?" मी मानेनेच हो म्हटलं. राजे गेले, आणि पाठोपाठ जी टाळी उठली तशी टाळी आमच्या कंपनीने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

तिसऱ्या अंकात राजाला फक्त बंदी म्हणून उभं राहायचं असतं. ते त्यांनी केलं. कसं उभे राहिले ते लोकांना विचारा, लोक डोळे पुसत होते.

मालक मेकअप रूममध्ये धावतच आले. "बाई, हे तुम्ही कुठून काढलंत? राजा थांबतो म्हणतो आणि राणी स्वतः त्याला घालवते! मला आधी सांगायचं नाही का?" त्यांनी राजांना मिठी मारली. "दौऱ्याला तुम्हीच. मी आत्ताच कळवतो. पण बाई, यातला एक शब्द बदलायचा नाही. दर प्रयोगाला हेच, असंच."

मी मनातल्या मनात जे मागितलं होतं ते सगळं मला मिळालं. राजे आरशासमोर बसून दाढीचा गोंद पुसत होते. मी पाठीवर हात ठेवला तसे ते किंचित बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर राजे बाहेरच्या दाराशी उभे. बूट घातलेले. हातात बाजाराची पिशवी, तिच्यात एक टॉवेल, दाढीचा ब्रश आणि त्या गेमचा कंट्रोलर.

"निघू ना?" त्यांनी विचारलं.

"कुठे निघालात?"

"तूच म्हणालीस ना."

"कधी म्हणाले मी?"

प्रयोग त्यांना आठवत नव्हता. थिएटर, टाळ्या, मालकांची मिठी, काही नाही. फक्त मी जा म्हणाले होते, एवढं होतं. मी त्यांना आत आणलं, बूट काढले, समजावलं की ते नाटक होतं. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली. मी चहा टाकून आले तर पुन्हा बूट घालून दाराशी.

लेकीला बोलावलं. ती बापाशेजारी बराच वेळ बसली, मग स्वयंपाकघरात माझ्याकडे आली.

"आमच्याकडे अशी एक चूक सापडते कधीकधी," ती म्हणाली. "खेळ पहिल्यापासून सुरू केला की गावातल्या माणसांनी सगळं विसरायचं असतं. पण एखाद्याचं काहीतरी पुसलं जातच नाही. तुम्ही मागच्या खेळात त्याला मारलेलं असतं, आणि नव्या खेळात तो तुम्हाला बघून पळतो. का पळतो ते त्यालाही माहीत नसतं."

"मग काय करता तुम्ही?"

"कळवतो. दुरुस्त करणारे वेगळे असतात." तिने माझ्याकडे बघितलं. "तू बंद कर हे. मालकांना सांगून टाक."

"आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवू?"

"मग माझ्या घरी आण. कुठल्याच रांगेत नको."

"तुला नाही कळायचं," मी तिच्यावर ओरडले. "स्टेज सुटलं की काय उरेल त्यांच्यात?"

"तू उरशील की," ती म्हणाली. "निदान उरली असतीस."

लेकीने आपली पर्स उचलली आणि बाबांच्या कपाळाला हात लावून ती गेली. मला तिचा राग आला आणि त्या रागाला धरून मी दिवस काढला. राग होता तोवर बरं होतं.

पण मी स्वस्थ बसणारी नाही. दौऱ्यातला पहिला प्रयोग चार दिवसांवर होता. मालक काहीही म्हणोत, मी तो प्रश्न बदलायचं ठरवलं. थांबणार हा शब्दच काढून टाकायचा. "तुम्ही जाऊन कायमचे जाणार, की जाऊन परत येणार?" राजे म्हणतील, परत येणार. मी म्हणेन, मी वाट बघते. ते जातील, आणि डोक्यात काही उरलंच तर वाट बघते एवढं उरेल. मला ते इतकं पटलं की घोटून घोटून तालीम केली. घरात, जिन्यात, बसथांब्यावर. राजे दर वेळी म्हणायचे, "परत येणार." एकदा तर हसलेही. बूट घालून दाराशी जाणं मात्र थांबलं नाही. मी मनाला सांगितलं, एक चांगला प्रयोग झाला की थांबेल.

दौऱ्याचं थिएटर नवं होतं, सेट तोच. पहिला अंक सुरळीत गेला. मी विचारत होते, राजे उत्तर देत होते, प्रेक्षक मुठीत होते. मालकांनी विंगेतून अंगठा दाखवला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी ठरल्या जागी आले, त्यांच्या बाहीवर हात ठेवला आणि श्वास घेतला.

मी तोंड उघडायच्या आत राजे म्हणाले, "मी जातो."

कुणी विचारलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून बोललेलं नाटकातलं हे पहिलं वाक्य होतं. आवाज बरोबर, जागा बरोबर. एवढं एकच वाक्य त्यांना पाठ झालं होतं, आणि ते पाठ मी करून घेतलं होतं.

मला त्या क्षणी कसली भूमिका आणि कसला दौरा. मी दोन्ही हातांनी त्यांची बाही घट्ट धरली. "थांबा," मी म्हणाले. "माझ्यासाठी थांबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एक एक बोट करून त्यांनी माझा हात सोडवला, हळुवारपणे, दुखणार नाही अशा बेताने. मी पुन्हा म्हणाले, थांबा. ते विंगेकडे चालत गेले आणि या वेळी काही विचारायला थांबले नाहीत.

अंधार झाला, टाळ्या वाजल्या. मालक विंगेत माझ्यावर खेकसले, "बाई, बदलू नका म्हणालो होतो ना? घालवायचं सोडून थांबा काय म्हणताय?"

मी त्यांना सांगितलं, संहिता काढून बघा. नाटककाराने असंच लिहिलंय, एका शब्दाचाही फरक नाही. मग मी राजांना शोधायला रस्त्यावर उघडणाऱ्या मागच्या दाराकडे पळाले.